बीएमटीनंतर घरी आल्यावर: पहिले १०० दिवस आणि त्यापुढचा काळ

बीएमटी (अस्थिमज्जा प्रत्यारोपण) होऊन माझ्या धाकट्या भावाला डिस्चार्ज मिळाला त्या दिवशी त्याचे न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) दोन हजारांच्या वर होते. काउंट आले, आता सुटलो, असं घरात सगळ्यांनीच धरलं. पुढच्या अडीच महिन्यांत आमच्या हातून तीन मोठ्या चुका झाल्या आणि तिन्हींचं मूळ त्या एका आकड्यात होतं. आता बीएमटी झालेल्या घरांतून मला फोन येतात तेव्हा त्याच चुका पुन्हा ऐकायला मिळतात, म्हणून हे सगळं क्रमाने लिहून काढतो आहे.

न्यूट्रोफिल साधारण दोन ते चार आठवड्यांत परत येतात. सीबीसीच्या कागदावर दिसतात त्या याच पेशी. पण विषाणू आणि बुरशीशी झुंजणाऱ्या टी पेशी नीट तयार व्हायला कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त काळ लागतो. त्यातच दात्याच्या पेशींनी शरीरावर हल्ला करू नये (या हल्ल्यालाच जीव्हीएचडी म्हणतात) म्हणून टॅक्रोलिमस (थोडक्यात टॅक्रो) किंवा सायक्लोस्पोरिन देऊन आपण त्याच पेशी दाबून ठेवलेल्या असतात. रिपोर्ट नॉर्मल दिसत असतानाही माणूस उघडाच असतो.

हा लेख दुसऱ्याच्या पेशी घेतलेल्यांसाठी आहे, मग दाता बहीण असो, अर्धे जुळणारे वडील असोत की नोंदणीतला अनोळखी माणूस. मायलोमासारख्या आजारात स्वतःच्याच पेशी परत दिल्या असतील तर टॅक्रो आणि जीव्हीएचडीचा भाग सोडून द्या. ताप आणि स्वयंपाकघराचा भाग मात्र तुमच्यासाठीही आहे. तुमच्या ट्रान्सप्लांट युनिटने दिलेल्या सूचना यापेक्षा वेगळ्या असतील तर त्या सूचनाच पाळा.

## १. घर: रुग्ण वॉर्डात असतानाच

बहुतेक युनिटं साधारण शंभराव्या दिवसापर्यंत रुग्णालयापासून तासाभराच्या अंतरात राहायला सांगतात. हे अंतर रात्रीच्या आणि पावसातल्या रस्त्याच्या हिशोबाने मोजा. गावाकडची माणसं खारघर, परळ अशा ठिकाणी भाड्याची खोली घेतात आणि घाईत तळमजल्यावरची, ओल आलेली खोली पदरात पडते. भिंतीवरचा काळा-हिरवा डाग म्हणजे बुरशी. ॲस्परजिलस नावाची बुरशी हवेतून फुप्फुसात जाते आणि या रुग्णांमध्ये तिचा संसर्ग जिवावर बेतू शकतो. वरून रंग मारल्याने ती जात नाही. खोलीच बदला.

खोली बघताना खिडकी उघडून बाहेरही पाहा. शेजारी इमारत पाडण्याचं किंवा रीडेव्हलपमेंटचं काम सुरू असेल तर ती खोली घेऊ नका, कारण बांधकामाच्या धुळीतून हीच बुरशी पसरते. खिडकीच्या कठड्यावर कबुतरांची विष्ठा साचलेली असेल तरी तेच. लहान मूल रुग्ण असेल तर रुग्णालयातल्या समाजसेवकांना आधीच भेटा. सेंट ज्यूड्ससारख्या संस्था उपचार घेणाऱ्या मुलांच्या कुटुंबांसाठी राहण्याची केंद्रं चालवतात.

कामांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी गळती, प्लंबिंग आणि रंगाची कामं उरका. मग पाण्याची टाकी धुऊन घ्या. त्यानंतर पडदे, माळा, पंख्याची पाती, एसीची जाळी. धूळ बसायला दोन दिवस द्या, ओल्या फडक्याने पुन्हा पुसा आणि सगळ्यात शेवटी अंथरूण घाला. आमच्याकडे उलटं झालं होतं: भाऊ घरी आला आणि आईने त्याच्याच खोलीतला माळा काढायला घेतला.

कुंड्या, फुलदाण्या, जुन्या पुस्तकांचे गठ्ठे आणि कूलर त्याच्या खोलीतून बाहेर काढा. तुळस खिडकीबाहेर ठेवा, पाणी दुसऱ्याने घालावं. देवाला हार घालायचा तर दुसऱ्या खोलीत, आणि निर्माल्य रोजच्या रोज बाहेर. धूप, उदबत्ती काही महिने बंद. रुग्ण खोलीत असताना कोरडा झाडू मारू नका, ओलं फडकं फिरवा.

तपासा: डिजिटल थर्मामीटर दोन (एक ऐन वेळी बंद पडतोच), बीपीचं यंत्र, वजनकाटा, मापाचा मग, मऊ ब्रश, मास्क. हे सगळं डिस्चार्जच्या आधी घरात हवं.

## २. डिस्चार्ज कार्ड तिथेच उभं राहून वाचा

कार्डावर पुढच्या गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या आहेत का ते पाहा: ट्रान्सप्लांटची तारीख (म्हणजे ‘डे झिरो’), रुग्णाचा मूळ रक्तगट, दात्याचा रक्तगट, प्रत्येक औषधाचा डोस आणि वेळ, आणि रात्री-अपरात्री लावायचा फोन नंबर. तो नंबर वॉर्डातून निघण्यापूर्वी एकदा लावून बघा. रात्री दोनला तो ओपीडीचा निघाला तर काही उपयोग नाही.

आणखी एक पत्र मागून घ्या: ‘हा ट्रान्सप्लांटचा रुग्ण आहे, ताप आल्यास ताबडतोब हे तपास करावेत आणि शिरेतून हे प्रतिजैविक सुरू करावं.’ कधी जवळच्या दुसऱ्या रुग्णालयात धावावं लागलं तर हे पत्र बोलतं. नाहीतर ‘व्हायरल असेल’ म्हणून तुम्हाला बाकावर बसवून ठेवतात.

## ३. औषधं: सगळ्यात जास्त चुका इथे

घरी येताना पिशवीत दहा-पंधरा प्रकारच्या गोळ्या असतात. त्या दिवसभरात कशातरी देऊन चालत नाही. वेळापत्रक आखताना आधी टॅक्रोची वेळ ठरवा, उदाहरणार्थ सकाळी ९ आणि रात्री ९. दोन डोसमध्ये १२ तासांचं अंतर पक्कं धरा आणि बाकीच्या गोळ्या त्याभोवती बसवा. बुरशीविरोधी औषधांत व्होरिकोनाझोल रिकाम्या पोटी, म्हणजे जेवणाच्या तासभर आधी किंवा तासभर नंतर, तर पोसाकोनाझोलच्या गोळ्या जेवणासोबत द्यायच्या असतात. नावं सारखी वाटतात आणि इथे हमखास अदलाबदल होते.

लेव्हलच्या (रक्तातलं टॅक्रोचं प्रमाण मोजण्याच्या) दिवशी रक्त देण्याआधी सकाळची टॅक्रो घेऊ नका. ही आमची पहिली चूक. टॅक्रोची लेव्हल पुढच्या डोसच्या अगदी आधी मोजतात, तेव्हा ती रक्तात सर्वांत कमी असते. मी शिस्तीत सकाळी नऊला गोळी दिली आणि साडेदहाला रक्त द्यायला नेलं. लेव्हल वाढलेली आली. मी गोळीबद्दल बोललोच नाही, म्हणून डॉक्टरांनी डोस कमी केला. खरी लेव्हल आधीच बेताची होती, ती आणखी घसरली आणि आठवड्याभरात हातापायांवर पुरळ उठलं. त्या दिवशीची गोळी डबीत घालून सोबत न्या, रक्त दिल्याबरोबर घ्या. चुकून आधी दिलीच गेली तर रक्त घेणाऱ्याला आणि डॉक्टरांनाही वेळेसकट सांगा.

बुरशीविरोधी गोळ्यांमुळे टॅक्रोची लेव्हल वाढते आणि डॉक्टर तो हिशोब धरूनच डोस ठरवतात. त्यामुळे ‘ही महाग गोळी संपली, सोमवारी आणू’ असं झालं तर बुरशीपासूनचं संरक्षण जातं आणि टॅक्रोची लेव्हलही घसरते. गोळ्या आठवडाभराच्या उरल्या की नवीन पाकीट आणा. दुकानदाराने टॅक्रोची दुसरी कंपनी दिली तर विचारल्याशिवाय सुरू करू नका.

गोळी घेतल्यावर उलटी झाली तर किती मिनिटांनी झाली ते लिहा आणि फोन करा. स्वतःच्या मनाने दुसरी देऊ नका. डोस विसरला तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका. पुरळ गेलं, बरं वाटतंय म्हणून स्टेरॉइड अचानक बंद करू नका. ते पायरीपायरीनेच उतरवायचं असतं.

बाहेरचं काहीही सुरू करण्याआधी विचारा. खोकल्यासाठी नेहमीच्या डॉक्टरांनी दिलेल्या क्लॅरिथ्रोमायसिनने टॅक्रोची लेव्हल एकदम वर जाऊ शकते, तर टीबीवरच्या रिफाम्पिसिनने ती कोसळते. आयबुप्रोफेनसारखी दुखण्यावरची गोळी मूत्रपिंडाला जड जाते आणि प्लेटलेट्स कमी असतील तर रक्तस्रावाचा धोका वाढवते. फळांमध्ये ग्रेपफ्रूट आणि आपलं पपनस दोन्ही बंद. गणपतीत कोकणातून आलेलं पपनस सोलून पुढे करताना कुणाच्या मनातही येत नाही की त्याने औषधाची लेव्हल वाढते.

गुळवेलीबद्दल जरा जास्त लिहितो, कारण ती दुसरी चूक. आत्याने मायेने काढा करून पाठवला आणि ‘प्रतिकारशक्ती वाढते’ म्हणून आम्ही चार दिवस दिला. इथे प्रतिकारशक्ती औषधाने मुद्दाम आवरून धरलेली असते. ती चेतवणारं काही देणं म्हणजे जीव्हीएचडीला हाताला धरून घरात आणणं. शिवाय गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत. काढे, चूर्णं, प्रोटीन पावडरी, सगळं आधी ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना दाखवा. आणणाऱ्याचं मन मोडू नका, पण डबा आणि रुग्ण यांची गाठ पडू देऊ नका.

## ४. ताप: आधी फोन, मग बाकी सगळं

सकाळ-संध्याकाळ ताप मोजून वहीत लिहा. १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, ही रेघ. तिथे पोहोचलात की घड्याळ सुरू झालं असं समजा. ठरलेला क्रम असा:

१. युनिटला फोन करा. वय, ट्रान्सप्लांटचा कितवा दिवस, ताप, थंडी, शेवटचे काउंट सांगा.
२. कार्ड, पत्र, औषधांची पिशवी उचला. ही पिशवी दाराजवळ कायम भरलेली असावी.
३. निघा. प्रतिजैविक जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं, रुग्णालयात पोचल्यापासून तासाभराच्या आत सुरू व्हायला हवं. दाखल करण्याचे कागद, पैसे, कोण थांबणार, हे सगळं त्यानंतर.

थांबा: तापाची गोळी देऊन ‘उतरतो का बघू’ करायचं नाही. आमची तिसरी चूक हीच. रात्री अकराला १०१ होता. पॅरासिटामॉलने उतरला, आम्ही झोपलो, आणि पहाटे पाचला त्याचं बीपी खाली गेलेलं होतं. तो वाचला, पण अकरा ते पाच हे सहा तास मला अजून टोचतात.

स्टेरॉइड सुरू असताना मोठ्या संसर्गातही ताप चढेलच असं नाही. म्हणून थंडी वाजणं, अंग गार पडणं, श्वास लागणं, नवा खोकला किंवा भ्रमिष्टासारखं बोलणं यांतलं काही दिसलं तर थर्मामीटरवर ९८ असला तरी फोन करा. छातीत हिकमन लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) असेल आणि ती फ्लश केल्यावर (आतून धुतल्यावर) तासाभरात हुडहुडी भरली तर लाइनमध्येच जंतू असण्याची शक्यता मोठी. तसं स्पष्ट सांगा आणि ती लाइन तोवर वापरू नका. लाइन फाटली तर फाटलेली जागा आणि छाती यांच्या मध्ये ती दुमडून चिमटा लावा आणि निघा. आंघोळीत ड्रेसिंग भिजलं तर ते त्याच दिवशी बदलायचं.

ताप काखेत किंवा तोंडात मोजा, गुदद्वारात नाही. एनिमा आणि सपोझिटरीही नको.

## ५. स्वयंपाकघर

नियम थोडक्यात असा: ताजं, पूर्ण शिजलेलं, गरम, आणि दोन तासांच्या आत पोटात. आपला वरण-भात, मुगाची खिचडी, भाकरी, शिजलेली भाजी या नियमात अगदी सहज बसते. चूक होते ती शिजवून झाल्यावर. आमटी उकळून खाली उतरवली आणि वरून कच्ची कोथिंबीर भुरभुरली. ताकात मिरपूड टाकली. पोह्यांवर ओलं खोबरं आणि लिंबू. कोथिंबीर धुतली तरी पानांत माती आणि जंतू राहतात, आणि न शिजवलेल्या मसाल्यांत बुरशी असू शकते. कोथिंबीर, मिरपूड, गरम मसाला जे काही घालायचं ते उकळी येण्याआधी घाला, म्हणजे चव राहते आणि काळजीही मिटते.

कोशिंबीर, कच्ची चटणी, घरचं लोणचं, पाणीपुरी, भेळ, उसाचा रस, बर्फाचा गोळा, दुकानातलं उघडं पनीर आणि उघडी मिठाई बंद. मोड आलेली कडधान्यं कच्ची नकोत, कुकरच्या शिट्ट्या घेतलेली उसळ चालते. अंडं पिवळ्या बलकापर्यंत घट्ट. मासे-मटण पूर्ण शिजलेलं, आणि कच्च्या मांसाचा विळा, पाट वेगळा. दूध उकळूनच. घरच्या दह्याबद्दल प्रत्येक युनिटचं मत वेगळं असतं, म्हणून विचारून घ्या. जाड सालीची फळं, म्हणजे केळं, संत्रं, मोसंबी, आधी बाहेरून धुऊन मग घरच्यांनी सोलून द्यावीत. द्राक्षं, स्ट्रॉबेरी यांना काही महिने थांबा.

पाणी खळखळून उकळू द्या, झाकून गार करा आणि २४ तासांत संपवा. फिल्टर असला तरी उकळाच. फिल्टरची टाकी आणि नळ शेवटचे कधी धुतले होते ते आठवून पाहा. टॅक्रोने मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणून पाणी पोटात जायलाच हवं. मोठ्या माणसाला दिवसाला किती, ते डॉक्टर सांगतील. आम्ही रोज सकाळी ठरलेल्या बाटल्या भरून टेबलावर ठेवत होतो. संध्याकाळी भरलेली बाटली दिसली की काय राहिलं ते लगेच कळायचं.

तीर्थ आणि पंचामृत हातावर घेऊन डोळ्यांना लावावं, प्यावं नाही. प्रसाद घरात शिजवलेला असेल तर हरकत नाही.

## ६. रोजची वही: जीव्हीएचडी लवकर पकडायला

रोज सकाळी एकाच वेळी पाच नोंदी करा: वजन, बीपी, ताप, शौच किती वेळा आणि किती, आणि त्वचा. वजन दोन दिवसांत चढलं तर पाणी साठतंय, उतरलं तर पोटातून काहीतरी जातंय. बीपी वाढलं, सोबत डोकं दुखलं आणि नजर अंधुक झाली तर त्याच दिवशी कळवा. टॅक्रोमुळे असं होऊन झटके येऊ शकतात.

त्वचा बघायची ती उजेडात. सुरुवात बहुधा तळहात, तळपाय, कान आणि मानेपासून होते: लालसरपणा, खाज, उन्हाने भाजल्यासारखी आग. ‘गरमी झाली असेल’ म्हणून कैलास जीवन लावून दोन दिवस काढू नका. फोटो काढा, पाठवा.

जुलाब झाले तर मापाच्या मगात मोजा. ‘चार-पाच वेळा’ या उत्तरातून डॉक्टरांना फार कळत नाही. दिवसाला अर्धा लीटरच्या वर गेले, की आतड्याच्या जीव्हीएचडीचा विचार सुरू होतो. तो संसर्गही असू शकतो, आणि दोन्हींचे उपचार एकमेकांच्या उलट आहेत. म्हणून जुलाब थांबवणारी गोळी आपल्या मनाने द्यायची नाही. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली तर यकृताचा भाग तपासायला हवा.

ऊन टाळा. उन्हाने त्वचेचा जीव्हीएचडी भडकतो आणि व्होरिकोनाझोल सुरू असेल तर त्वचा आणखी लवकर भाजते. पूर्ण बाह्या, टोपी, सनस्क्रीन.

## ७. बाहेर रक्त चढवायची वेळ आली तर

प्लेटलेट्स किंवा रक्त जवळच्या रुग्णालयात चढवावं लागलं तर ते इरॅडिएटेड (किरणोत्सर्गाची मात्रा दिलेलं) आणि पांढऱ्या पेशी गाळलेलं आहे का, हे पिशवीवर वाचा. साध्या रक्तातल्या जिवंत पेशी या रुग्णात घातक ठरू शकतात. नातेवाइकाचं रक्त म्हणून सवलत नाही, उलट त्यात धोका जास्त.

दात्याचा रक्तगट वेगळा असेल तर रुग्णाचा गट हळूहळू बदलून दात्याचा होतो. मधल्या काळात कोणत्या गटाचं रक्त आणि कोणत्या गटाच्या प्लेटलेट्स द्यायच्या, हे ट्रान्सप्लांट युनिटच सांगेल. पाकिटातलं जुनं रक्तगटाचं कार्ड काढून टाका.

## ८. माणसं

भेटायला येणाऱ्यांना तोंडावर ‘नको’ म्हणणं आपल्याला जमत नाही. आम्ही दारावरच कागद चिकटवला: सर्दी, खोकला, ताप, पुरळ, जुलाब असल्यास कृपया फोनवर बोलावं. लोकांनी मनापासून पाळलं. बाकीच्यांनी साबणाने हात धुवावेत, मास्क लावावा, पलंगावर बसू नये.

घरात तान्हं बाळ असेल तर लक्ष द्या. तोंडावाटे दिलेल्या पोलिओ आणि रोटाव्हायरसच्या लसींतले जिवंत विषाणू काही आठवडे बाळाच्या शौचातून बाहेर पडतात. रुग्णाने त्या काळात लंगोट बदलू नयेत. घरातल्या इतरांनी फ्लूची टोचायची लस घ्यावी. शाळेतल्या कुणाला कांजिण्या निघाल्या आणि रुग्ण त्याच्या जवळ आला होता, तर पुरळाची वाट न पाहता त्याच दिवशी कळवा. प्रतिबंधक उपाय काही दिवसांतच करावा लागतो.

## ९. थकवा

जेवायला बसतानाही दम लागतो, आणि तो आळस नसतो. स्टेरॉइडमुळे मांड्यांचे स्नायू बारीक होतात, म्हणून अंथरुणात पडून राहिल्याने थकवा वाढतच जातो. खोलीतल्या खोलीत दिवसातून पाच वेळा पाच मिनिटं चाला. खुर्चीतून हात न टेकता उठण्याचा सराव करा. प्लेटलेट्स वीस हजारांखाली असतील तर फक्त हळू चालणं. तिसऱ्या महिन्यात माझा भाऊ बोलेनासा झाला होता. त्यावेळी डॉक्टरांना ते सांगितलं आणि समुपदेशक मिळाले. तुम्हीही सांगा, उशीर करू नका.

## १०. शंभर दिवसांनंतर

या सुमारास अस्थिमज्जेची तपासणी आणि कायमेरिझम (रक्तात दात्याच्या पेशी किती, याची चाचणी) होते आणि पुष्कळ जण गावी परततात. शेतीचं घर असेल तर गोठा, शेणखत, पेंढा, धान्याची मळणी यांपासून वर्षभर तरी लांब. टॅक्रो कमी होऊ लागतं त्या आठवड्यांत वही पुन्हा काटेकोर भरा, कारण जीव्हीएचडी डोकं वर काढते ती बऱ्याचदा तेव्हाच. यावेळची लक्षणं निराळी असतात: तोंड आणि डोळे कोरडे, तिखट अजिबात सोसेनासं होणं, त्वचा घट्ट ओढली जाणं, जिना चढताना धाप. असायक्लोव्हिर आणि कोट्रायमोक्साझोल ही संसर्ग टाळणारी औषधं मात्र सांगितल्याशिवाय सोडू नका. ती अनेक महिने चालतात.

थॅलेसेमियाच्या मुलांच्या आईवडिलांनी एक गोष्ट विसरू नये: नवी मज्जा नीट चालली तरी आधीच्या रक्तांमधून साठलेलं लोह अंगात तसंच राहतं. फेरिटिनची तपासणी आणि लोह उतरवण्याचा उपचार यांची तारीख मागून घ्या.

लहानपणीच्या लसींचं संरक्षण बहुतेक पुसलं गेलेलं असतं, त्यामुळे लसीकरण पहिल्यापासून करावं लागतं. न्यूमोकॉकलची लस साधारण तीन ते सहा महिन्यांनी, बाकीच्या मृत लसी सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान सुरू होतात. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांच्या जिवंत लसी किमान दोन वर्षांनी, तेही जीव्हीएचडी नसेल आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं थांबलेली असतील तरच. हे वेळापत्रक ट्रान्सप्लांट युनिटकडून लिहून घ्या आणि लस टोचणाऱ्यासमोर तेच ठेवा. जुनं लसीकरण कार्ड सोबत नेऊ नका. ते दिसलं की ‘याच्या सगळ्या झाल्यात की’ म्हणून परत पाठवतात, आमच्याबाबतीत दोनदा झालं.